सहाय्यकाचे कर्तृत्व : ‘अलबेला’ आणि चिक चॉकलेट

सी. रामचंद्र यांच्या पाश्चात्त्य वळणाच्या चाली मराठी रसिकचर्चेत बहुधा ‘उसनवारी’च्या सदरात टाकल्या जातात. ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ हे गीत लॅटिन धाटणीच्या एका इंग्रजी गीतावर बेतलेले आहे, हे निर्विवाद. परंतु चालीचे मूळ सापडले की समीक्षेचे काम संपले, असे मानण्यात गफलत आहे. चाल कोठून आली एवढेच त्यातून कळते. ती येथे वाजती कोणी केली, हा प्रश्न तसाच राहतो.

‘अलबेला’ (१९५१) हा प्रश्न टाळू देत नाही. नायक व दिग्दर्शक भगवान पालव गिरणी कामगाराचे पुत्र, संगीतकार पुणतांब्याचे, आणि संगीतकाराचा सहाय्यक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवली जाई. ती शिदोरी घेऊन आलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजवला. लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रंपेट वाजवणाऱ्या चिकचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजे. ‘शोला जो भडके’मधील बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन यांचा मेळ त्या सरावाशिवाय संभवत नाही. याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’ ही पिलू रागातली अंगाईही आहे. दोन्हींना एकाच लेखणीचे मानताना आपण कोणाला वगळतो, हे सहसा ध्यानी येत नाही.

येथे काँगोचे उदाहरण उद्बोधक ठरते. लिओपोल्डव्हिलमध्ये (आजचे किन्शासा) जोसेफ काबासेले याने १९५३ साली ‘आफ्रिकन जॅझ’ हा ताफा उभारला आणि तबकड्यांवरून आलेले क्यूबन ताल लिंगाला भाषेत आणले. १९६० साली ब्रुसेल्समध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असता ‘आँदेपांदाँस चा चा’ जन्मले. या तालांची एक मुळी गुलामांबरोबर काँगोतूनच क्यूबात गेली होती. त्यामुळे तेथील अनुकरणाला ‘घरवापसी’ म्हणता आले व ताफ्याचा नायक आधुनिक काँगोली संगीताचा जनक ठरला.

चिकच्या ट्रंपेटला असा मुळांचा दाखला नाही. देशीवादाची कसोटी त्याला सोडवू शकत नाही, आणि त्याने सुटावे असेही नाही. त्याचा हक्क उगमावर नव्हे, केलेल्या कामावर उभा आहे. ‘नादान’ (१९५१) ला संगीतकार म्हणून त्याचे नाव लागले खरे. पण ज्या गाण्यांनी काळाचा कान बदलला, तेथे तो सहाय्यकच राहिला. श्रेयनामावली ही बाजाराची नोंद असते. समीक्षेने तिलाच कर्तृत्वाची सीमा मानावे, हे मात्र अनाकलनीय आहे.

कर्जत-खालापूरकडच्या वरातीतला बँडवाला ‘भोली सूरत’ वाजवतो तेव्हा त्याच्यापुढे स्वरलिपी नसते. हळदोण्याच्या माणसाने कागदावरून साधलेले वळण तो कानाने उचलतो, आणि ते कोणाचे, हे विचारीत नाही.