दहा कोटी कॉल झाले, पण मोजलं काय?

माझ्या आत्याची बीपीची गोळी संपली की आधी तालुक्याला जावं लागायचं. एसटीची वाट बघा, रांगेत उभं राहा, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. आता गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी तिचं बीपी मोजतात, ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं करून देतात आणि गोळ्या हातात देतात. म्हणून आधीच सांगते, मी टेलिमेडिसिनच्या विरोधात नाही. माझा आक्षेप आहे तो त्याचं यश मोजण्याच्या पद्धतीवर.

थोडी पार्श्वभूमी. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ई-संजीवनी नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि एप्रिलमध्ये घरबसल्या ओपीडी. फेब्रुवारी 2023 पर्यंत 10 कोटी सल्ले झाले. आकडा मोठाच आहे. पण संशोधनात पहिला प्रश्न असतो: हे नेमकं काय मोजलंय? इथे मोजलाय तो सल्ला. गोळी मिळाली का, ‘खामगावला दाखवा’ म्हटल्यावर पेशंट खरंच गेला का, बीपी आटोक्यात आलं का, यातलं काहीच या आकड्यातून कळत नाही.

आता मार्गदर्शक तत्त्वंच बघा. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. ‘ओ’ यादीतली साधी औषधं फोनवरही देता येतात. ‘ए’ यादीतल्या औषधांसाठी पहिला सल्ला व्हिडिओवरच हवा. ‘बी’ यादीतली औषधं फक्त फॉलो-अपला, तेही आधी प्रत्यक्ष तपासणी झालेली असेल तर. म्हणजे जुना पेशंट आणि नवा पेशंट ही दोन वेगळी कामं आहेत, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. एकूण आकड्यात मात्र दोन्हींची बेरीज होते.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काहींना तर तीन-चार दिवसांत टक्कल. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. आयसीएमआरचं पथक गावात येऊन नमुने घेऊन गेलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्णांच्या तपासणीत सेलेनियम जास्त आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यावर वादही झाला. पण रक्त, केस, पाणी, गहू हे सगळं तपासायला माणसांना गावात जावंच लागलं.

व्हिडिओवर डॉक्टरला एक डोकं दिसतं, शेजारच्या दहा घरांतली डोकी दिसत नाहीत. दहा जणांनी दहा वेगळ्या डॉक्टरांना दाखवलं, तर प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एक मलम येईल आणि साथ कुणाच्याच लक्षात येणार नाही. खरं तर हे काम सॉफ्टवेअर करू शकतं: एकाच उपकेंद्रातून आठवड्यात तीच तक्रार पाच वेळा आली, की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना इशारा जावा. माझ्या मते टेलिमेडिसिनचं भविष्य इथे आहे. नुसते कॉल वाढवून ते घडणार नाही.

तर यापुढे ‘इतके कोटी सल्ले’ अशी बातमी वाचलीत की तीन गोष्टी विचारा: यात जुने पेशंट किती? औषध उपकेंद्रातच मिळालं का? पुढे पाठवलेल्यांपैकी पोचले किती? ही उत्तरं मिळेपर्यंत तो आकडा फार तर फोनचा हिशोब आहे, तब्येतीचा नाही.