मेंदूची प्रतिमा आणि माणसांतील व्यवहार : एक चिकित्सा

दोन व्यक्ती परस्परांशी कशा वागत आहेत, हे पाहणारी तिसरी व्यक्ती क्षणार्धात ओळखते. ही ओळख मेंदूत कोठे घडते, याचा शोध प्रतिमांकनाच्या साहाय्याने घेतला जात आहे. 1944 साली हायडर व सिमेल यांनी त्रिकोण आणि वर्तुळ यांच्या हालचालींचा लघुचित्रपट दाखविला, तेव्हा बहुतेक प्रेक्षकांना त्यात भांडण, पाठलाग आणि सुटका दिसली. त्याच परंपरेतील इसिक, कॅनविशर व सहकाऱ्यांचे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशबिंदूंनी रेखाटलेल्या दोन मानवाकृती परस्परांशी व्यवहार करताना दिसल्या की कानशिलामागील मेंदूच्या वरच्या खाचेचा मागील भाग अधिक कार्यरत होतो, असे त्यांना आढळले. साहाय्य आणि अडथळा यांतील भेदही त्याच भागात टिपला जातो.

या संशोधनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यातील 'साहाय्य' हा शब्द तपासून घ्यावा लागतो. एक व्यक्ती उभी आहे, दुसरी ओणवी होऊन ओंजळ पुढे करते आणि पहिली वरून पाणी ओतते, असे दृश्य प्रकाशबिंदूंनी दाखविले तर ते साहाय्यच ठरेल. महाराष्ट्रातील वाचकाला मात्र त्यात भांड्याचा विटाळ टाळण्यासाठी राखलेले अंतर दिसेल. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर प्रश्न तहानेपुरता नव्हता, हे येथे वेगळे सांगावयास नको. प्रयोगासाठी चेहरा, वेश, भाषा वजा करणे शास्त्रीय शिस्तीला धरून आहे; परंतु वजा केलेल्या त्या गोष्टींतच व्यवहाराचा अर्थ साठलेला असतो. 'अरे' आणि 'अहो' यांतील भेद तर आकृतीत उतरतच नाही.

दुसरी मर्यादा साधनाची आहे. एमआरआय यंत्र चेतापेशींचे विचार टिपत नाही. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात काही सेकंदांनी होणारा बदल टिपते. शिवाय एकच भाग अनेक कार्यांत सहभागी असतो. म्हणून 'अमुक भाग उजळला, अर्थात अमुक भावना जागी झाली' हे उलटे अनुमान धोक्याचे आहे. पोल्ड्रॅक यांनी 2006 मध्येच तसा इशारा दिला होता.

असे अनुमान प्रयोगशाळेबाहेर पडले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण पुण्यात आहे. तेथील सत्र न्यायालयाने 2008 मध्ये एका खून खटल्यात दोषसिद्धीसाठी अन्य पुराव्यांसोबत मेंदूच्या विद्युत् लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. हे प्रतिमांकन नव्हे. पण संकेतावरून अनुभव वाचण्याचा दावा त्याच जातीचा. आरोपीने कृत्य स्वतः अनुभवले की केवळ ऐकले, हे लहरींवरून कळते असे मानले गेले. वस्तुतः चौकशीत तेच तपशील वारंवार ऐकलेल्या माणसाच्या मेंदूत काय उमटावे, हा साधा प्रश्न तेथे निर्णायक होता. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरविली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरविली. संमतीने होणाऱ्या चाचणीस मात्र वाट मोकळी राहिली. आणि कोठडीतील माणसाच्या संमतीचा अर्थ कोणत्याही आलेखावर उमटत नाही.