दूरस्थ संगणकाची खिडकी आणि देवनागरी अक्षर : एक्स विंडो प्रणालीतील एका गृहीतकाची चिकित्सा

प्रोग्रॅम दूरच्या संगणकावर चालावा आणि त्याची खिडकी मात्र आपल्या मेजावरील पडद्यावर उघडावी, ही सोय आता अनेक अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली आहे. शब्दसंग्रह विभागातील मोठ्या संगणकावर असतो. अभ्यासक घरी बसून त्यातील नोंदी चाळतो. या सोयीची तांत्रिक वाखाणणी पुष्कळ झालेली आहे. परंतु दोन संगणकांच्या या संभाषणात लेखन म्हणजे काय मानले गेले, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. प्रस्तुत लेखात एक्स विंडो प्रणालीची त्या एकाच दृष्टीने परीक्षा करावयाची आहे.

या प्रणालीचा आरंभ १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांच्या हातून झाला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली व तिचेच नियम पुढे रूढ झाले. तिची परिभाषा नवख्याला उलटी वाटते. आपल्या मेजावरील संगणकावर चालणाऱ्या भागाला ‘सर्व्हर’ म्हणतात, आणि दूरच्या बलाढ्य संगणकावरील प्रोग्रॅमला ‘क्लायंट’. या नामकरणावर आक्षेप घेणारे बरेच आहेत. आमच्या मते मात्र ते सयुक्तिक आहे. येथे वाटून घ्यावयाची वस्तू म्हणजे पडदा, कळफलक आणि माउस होय, आणि या वस्तू आपल्यापाशी आहेत. प्रोग्रॅम कितीही मोठा असला तरी तो आपल्या दारी आलेला पाहुणाच. पाट मांडावयाचा तो यजमानाने. १९९५ साली टाटू यलोनेन यांनी एसएसएच हे साधन रचले, तेव्हापासून या पाहुण्याचे बोलणे सांकेतिक आवरणातून सुरक्षितपणे आणता येऊ लागले.

हे बोलणे कोणत्या स्वरूपाचे असते, हे पाहणे अगत्याचे आहे. मूळ प्रणालीत दूरचा प्रोग्रॅम सहसा चित्रे धाडीत नसे. तो आज्ञा धाडीत असे. येथे रेषा ओढा, हा चौकोन भरा, ही अक्षरे या ठशात लिहा, अशा त्या आज्ञा. मजकुराच्या आज्ञेत केवळ वर्णांचे संकेतांक असत. ठसे यजमानाच्या घरचे असत. यात काटकसर मोठी होती. सात संकेतांकांच्या शब्दाला, प्रत्येकी दोन बाइट धरले तरी, अवघे १४ बाइट पुरतात. तोच शब्द ८० बाय ३० ठिपक्यांचे चित्र म्हणून धाडला, तर ठिपक्याला ४ बाइट या हिशेबाने ९,६०० बाइट लागतात.

‘यंत्रणा पुरवावी, धोरण लादू नये’ हे या प्रणालीच्या कर्त्यांचे ब्रीद होते. खिडकीला चौकट कशी असावी, बटणे कोणती असावीत, यांविषयी त्यांनी कटाक्षाने मौन पाळले. परंतु मजकुराच्या आज्ञेत एक धोरण न कळत शिरले, आणि आमचा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. एक संकेतांक म्हणजे एक आकृती, आणि आकृत्यांचा क्रम म्हणजे संकेतांकांचाच क्रम, असे तेथे गृहीत धरलेले आहे. रोमन लिपीच्या सामान्य व्यवहारात हे गृहीतक खपून जाते. देवनागरीत ते खपत नाही.

‘मार्मिक’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत तो उच्चारक्रमाने सात संकेतांकांत साठवलेला असतो : म, काना, र, पाय मोडल्याची खूण, म, पहिली वेलांटी आणि क. लेखनात मात्र वेलांटी मच्या आधी येते, जरी तिचा उच्चार मच्या नंतर आहे. आणि ज्या रचा उच्चार मच्या आधी आहे, त्याचा रफार मच्या डोक्यावर जाऊन बसतो. मूळ आज्ञेप्रमाणे हे सात संकेतांक एकापुढे एक रेखाटले, तर रफार बनतच नाही, आणि वेलांटी पुढच्या कला जाऊन चिकटते. वाचकाला ‘मार’ आणि ‘मकि’ असे काहीतरी दिसते. एक्सटर्म या जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी मजकूर उघडून पाहिला, तर जोडाक्षरांच्या फाळणीचा प्रत्यय आजही येतो.

१९८७ साली युनिकोड अस्तित्वात नव्हते, तेव्हा कर्त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मोठ्या लिपींचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता असे नाही. दोन बाइटांचे संकेतांक त्यांनी आरंभीच योजिले होते. त्यांनी वर्णांची संख्या मोजली. वर्णांचे परस्परसंबंध मोजले नाहीत. लिपी ही चिन्हांची यादी आहे तसेच चिन्हांचे व्याकरणही आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

दुरुस्ती झाली ती पाहुण्याच्या बाजूने. पँगो व हार्फबझ ही साधने प्रोग्रॅमच्या बाजूला बसून संकेतांकांवरून योग्य आकृत्या निवडू व मांडू लागली. पहिल्याचे नाव ‘सर्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि ‘भाषा’ या अर्थाचा जपानी शब्द यांच्या जोडातून झाले आहे, तर दुसऱ्याचे फारसीतून, ‘खुले अक्षर’ या अर्थी. त्यांच्या जोडीला २००० सालच्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी ‘रेंडर’ हा विस्तार रचला. त्यात आकृत्यांची चित्रे एकदाच यजमानाकडे पाठवून ठेवावयाची, आणि पुढे केवळ त्यांचे क्रमांक धाडावयाचे. ही तडजोड आम्हांस सर्वांत विवेकी वाटते. लिपीचे व्याकरण जाणणाऱ्याने ते लावावे, रेखाटणाऱ्याने रेखाटावे, आणि तारेवरून जाणारा भार हलका राहावा, हे तिन्ही हेतू तिच्यात साधतात.

पुढील प्रवास मात्र या वाटेने झाला नाही. २०१२ साली आलेल्या क्यूटीच्या पाचव्या आवृत्तीपासून तिच्यावर आधारलेले बहुसंख्य प्रोग्रॅम आपली खिडकी स्वतःच रंगवून तयार चित्र पुढे करू लागले. क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८ साली आरंभिलेल्या वेलँडच्या मूळ नियमांत तर रेखाटनाच्या आज्ञाच नाहीत. तेथे रंगवलेले चित्र सुपूर्द करावयाचे असते, आणि ते दूर न्यावयाचे तर वेपाइपसारखे निराळे साधन जोडावे लागते. दाबून धाडल्याने चित्रांचा भार कमी होतो हे खरे, आणि देवनागरी आता बहुधा शुद्ध दिसते हेही खरे. पण पाहुणा पूर्वी बोलत असे. आता तो छायाचित्र दाखवतो. आपण पाहतो आहोत तो मजकूर आहे की रंगांचे ठिपके आहेत, याचे भान पडद्याला उरलेले नाही.

एका चुकीच्या भाषिक गृहीतकामुळे प्रणालीचा एक चांगला विचारही लोपत चालला, असा आमचा निष्कर्ष आहे. आज्ञा धाडण्याची कल्पना सदोष नव्हती. आज्ञेतील अक्षराची व्याख्या सदोष होती. व्याख्या सुधारण्याचे काम ‘रेंडर’ने आरंभले होते, ते पुरे होण्यापूर्वीच आज्ञेचा त्याग झाला. पुढे संगणकांचे संभाषण नव्याने बांधण्याचा प्रसंग येईल, तेव्हा वर्ण आणि आकृती यांतील भेद सांगणारा एखादा भाषाभ्यासक आरंभीच्या बैठकीस असावा. ज्यांच्या लिपीत वेलांटी आधी लिहून मागून उच्चारतात, त्यांनी हा भेद सांगितला नाही, तर तो दुसऱ्या कोणाच्या सहसा ध्यानात येणार नाही.