शिवछत्रपतींचीं दोन चित्रें व एक संकेतस्थळ

शिवाजी पेठेंतील कांहीं इतिहासप्रेमी तरुणांनीं चालविलेलें एक संकेतस्थळ आम्हीं नुकतेंच पाहिलें. उत्साह अभिनंदनीय, परंतु शिवछत्रपतींच्या चित्राखालीं 'समकालीन अस्सल चित्र' एवढीच ओळ आहे, ती मान्य होण्याजोगी नाहीं.

हें चित्र अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमांतील, निकोलास विट्सेन याच्या ४९ चित्रांच्या गोवळकोंडी संग्रहांतलें. त्याचा काळ अदमासें इ. स. १६८०-८७ धरतात. महाराज ३ एप्रिल १६८० रोजीं निवर्तले. तेव्हां तें निधनोत्तर काढलेलें असणें अगदीं शक्य आहे. महाराज १६७७ त गोवळकोंड्यास गेले होते, त्या वेळच्या एखाद्या रेखनावरून तें उतरलें असेलही. पण हा तर्क झाला, पुरावा नव्हे.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें गोवळकोंड्याचेंच दुसरें चित्र आहे. संपादकांनीं दोहोंची सरमिसळ केली, कडा छाटल्या, आणि संग्रहक्रमांकही गाळला. शिक्का व मोर्तब कापून मोडी पत्राची नक्कल छापावी, तशांतलाच हा प्रकार! राइक्सम्यूझियमनें मोठ्या आकाराची प्रत विनामूल्य खुली ठेविली असतां कोणीतरी मागाहून रंगविलेली प्रत कां घेतली, हें कळत नाहीं.