चिंता आणि सरासरी

डेल कार्नेगी यांचें चिंतानिवारणावरील इंग्रजी पुस्तक १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. आजहि तें आवडीनें वाचलें जातें. डॉ. ऑस्लर यांच्या १९१३ सालच्या व्याख्यानांतून घेतलेला आजच्या दिवसापुरतें जगण्याचा उपदेश काय, किंवा अनर्थाचा संभव सरासरीनें मोजण्याचा सल्ला काय, सारें सुबोध आहे. धंद्यांतील तोटा, मुलाची परीक्षा अशा ठराविक काळजीवर तें लागूहि पडेल.

परंतु ज्याच्या चिंतेचा विषयच सारखा बदलत राहतो, त्याचें काय? मुलगा सुखरूप घरीं आला कीं त्याला वडिलांचा खोकला आठवतो; तो थांबला कीं घराचें भाडें. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत या अवस्थेस स्वतंत्र विकाराचें स्थान मिळालें. सहा महिने, बहुतेक दिवस, आवरूं म्हणतां न आवरणारी चिंता हें आज तिचें मुख्य लक्षण मानतात. येथें सरासरी निरुपयोगी ठरते. धोका थोडा आहे हें चिंताक्रांताला कळतें. 'थोडा' म्हणजे 'मुळींच नाहीं' असें नव्हे, हेंच त्याला सलतें. शिवाय बहुतेक अनर्थ घडतच नाहींत, आणि त्याचें श्रेय तो आपल्या चिंतेलाच देतो!

कार्नेगींनीं चिंतेला मोडावयाची खोड मानलें, हा ग्रंथाचा खरा दोष होय. खोड मोडली नाहीं म्हणजे वाचक स्वतःलाच दुबळा ठरवितो, व घरचींहि माणसें त्याला बोल लावतात. 'मन चिंती तें वैरी न चिंती' ही आमची म्हण अधिक मर्मज्ञ आहे. अशा मनाला उपदेश पुरत नाहीं. त्यास मानसोपचार हवा, आणि त्यानें पुष्कळांना गुण येतो.