मराठीतून पायथॉन: स्पोकन ट्युटोरियलची मालिका संशोधनाला किती पुरते?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली एमएस्सीची मुलं पेटची तयारी करायला लागली की एक प्रश्न ठरलेला असतो: कोडिंग येत नाही, पायथॉन कुठून शिकू? त्यातले बरेच जण दहावीपर्यंत मराठी माध्यमातले, त्यामुळे पुढचा प्रश्नही ठरलेला, मराठीत काही आहे का? आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी आयआयटी मुंबईत सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथॉनची मालिका आहे. फॉसी या त्याच संस्थेतल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या शिकवण्यातून ती उभी राहिली आणि तिचे धडे मराठीत डबही झालेत. फुकट आहे, डाउनलोड होते. तरी ती डोळे मिटून सुचवावी का, यावर थोडं सविस्तर लिहितो.

आधी तिची सगळ्यात चांगली गोष्ट, म्हणजे धड्यांचा क्रम. बहुतेक पुस्तकं व्हेरिएबल, मग इफ, मग लूप अशी पायऱ्यांनी जातात आणि आलेख येईपर्यंत विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा उत्साह संपलेला असतो. इथे सुरुवातीलाच मायनस पाय ते पाय यांच्यात १०० बिंदू घेऊन कोसाइनचा आलेख काढायला लावतात. थोड्याच धड्यांनंतर फाइलमधून साध्या दोलकाची लांबी आणि आवर्तकाल वाचून, आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख येतो. ही रेघ आपण सगळ्यांनी लॅबमध्ये ग्राफपेपरवर पट्टीने काढलेली आहे. तिचा उतार ४ पाय वर्ग भागिले जी, म्हणजे जवळपास ४.०२. ओळखीचं उत्तर समोर असलं की कोड चुकला हे आपलं आपल्याला कळतं. ज्याने कुणी हे उदाहरण निवडलं, त्याला मनापासून दाद.

पण याच क्रमाची किंमतही आहे. आयपायथॉन पायलॅबसकट सुरू करायला सांगतात, त्यामुळे प्लॉट, मीन, लोडटेक्स्ट ही सगळी फंक्शन्स आपसूक हाताशी येतात. ती नमपाय आणि मॅटप्लॉटलिबमधून आलीत हे शिकणाऱ्याला जाणवतच नाही. मग तो स्वतःची स्क्रिप्ट लिहून चालवतो आणि पहिल्याच ओळीला नेम एरर! मॉड्यूल आणि इम्पोर्टचा धडा मालिकेत आहे, पण बराच पुढे. माझं मत: तो धडा आलेखांच्या धड्यांनंतर लगेच बघून टाका, क्रम मोडून.

आता जुनेपणा. मूळ मालिका पायथॉन २ वर आहे आणि पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. प्रिंटला कंस नाहीत म्हणून येणारी एरर त्रासदायक, पण प्रामाणिक असते. ती समोर येऊन सांगते. भागाकाराचं तसं नाही. पायथॉन २ मध्ये ५ भागिले २ म्हणजे २, पायथॉन ३ मध्ये २.५. एरर नाही, इशारा नाही, फक्त आकडा वेगळा. प्रकल्पाने पुढे पायथॉन ३.४.३ वर वेगळी मालिकाही केली. तीही आता जुनी आवृत्ती, पण भागाकार आणि प्रिंट आजच्यासारखेच आहेत. इंग्रजी झेपत असेल तर थेट तीच घ्या. मराठीच हवी असेल तर जुनी ऐका, मात्र टाइप पायथॉन ३ मध्ये करा आणि जिथे उत्तर वेगळं येईल तिथे थांबून कारण शोधा.

भाषेबद्दल जरा जास्त बोलायचंय. डबिंगमध्ये आवाज मराठी, पडद्यावरचं सगळं इंग्रजी. हे योग्यच आहे, कारण एरर मेसेज मराठीत येणार नाहीत. निवेदनात लूप, लिस्ट, स्ट्रिंग हे शब्द तसेच ठेवलेत तेही बरं. अडचण शब्दांची नाही, मराठीच्या सवयींची आहे. आपण 'एक ते दहा' म्हणतो तेव्हा दहा धरलेला असतो. रेंज(१, १०) मात्र नऊवर थांबतं. आणि गंमत म्हणजे आलेखाच्या धड्यातलं लिनस्पेस शेवटचा बिंदू धरतं! दोन्हीला मराठीत 'ते'च. तसंच शाळेतल्या बीजगणितात 'चल' म्हणजे शोधायची संख्या आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन बाजू समान. त्या नजरेने एक्स = एक्स + १ हे सरळ खोटं विधान आहे. इथे मराठीत समजावण्याची खरी संधी होती. डबिंग हे मूळ इंग्रजी निवेदनाला बांधलेलं, सेकंदाला सेकंद जुळवलेलं. त्यात अशा फांद्या फुटायला जागाच नाही. अनुवादकाला दोष द्यायचा नाही, पण अनुवाद आणि शिकवणं यातला फरक इथे दिसतो.

आणखी एक. ही पद्धत अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर, असं सोबत करत शिकण्यासाठी बनवली आहे. डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने मोबाइलवर दहा-दहा मिनिटांचे चार व्हिडिओ बघितले तर ते रेडिओ ऐकल्यासारखं होतं. लोकलमध्ये फक्त ऐका, घरी टाइप करा. शेवटची ऑनलाइन टेस्ट देऊन सर्टिफिकेट मिळतं, सीव्हीत घाला, पण गाईड विचारेल तो तुमचा स्वतःचा डेटा.

आणि तिथेच मालिका थोडी आधी थांबते. दोलकाच्या धड्यात लीस्ट स्क्वेअरचं फंक्शन वापरून रेघ बसवतात. ते फंक्शन उतार देतं, त्याची अनिश्चितता थेट देत नाही. संशोधनात नुसता ४.०२ कुणी घेणार नाही, अधिक-उणे किती ते विचारतील. फाइल वाचण्याच्या धड्यात दहावीच्या निकालातून एका विभागाचे गणिताचे गुण वेगळे काढून सरासरी काढतात, हाही सुंदर धडा. पण तुमच्या फाइलमध्ये आकड्याच्या जागी 'गैरहजर' आलं तर? शून्य धरलं तर सरासरी खाली येते, ओळ वगळली तर नमुना लहान होतो. मालिका संपवल्यावर लॅबच्या जुन्या जर्नलमधले दोलकाचे आकडे फाइलमध्ये भरा, एक वाचन मुद्दाम रिकामं सोडा आणि जी काढा, अधिक-उणेसकट. त्यासाठी नमपायचं पॉलीफिट बघा. कोव्हेरियन्स मागितला की तो मिळतो.