डेव्हींचा डोळा का गाळला?

हिंगोली जिल्ह्यातील शाळांत व्याख्यानाला गेलो की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : 'सर, स्फोट करून दाखवणार का?' यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांच्या हाती देतो ती शास्त्रज्ञांची चरित्रे मात्र तपासायला हवीत.

मायकेल फॅरडेचेच उदाहरण घ्या. पुस्तकबांधणी शिकणारा गरीब मुलगा हम्फ्री डेव्हींची व्याख्याने ऐकतो, टिपणे त्यांना पाठवतो आणि १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक होतो. गोष्ट खरी आहे. पण एक दुवा बहुधा गाळला जातो. १८१२ साली नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली. त्यांना लिहिता येईना, म्हणून फॅरडेने काही दिवस त्यांचा लेखनिक म्हणून काम केले. हे संयुग शोधताना फ्रान्सच्या द्यूलाँ यांनी एक डोळा व बोटे गमावली होती आणि हे डेव्हींना पत्राने कळलेही होते. जाणकाराची ही गत, तर हौशी मुलाचे काय?

हा प्रश्न जुना नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात 'कार्बाइड गन'मुळे शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत मुलेच जास्त. कार्बाइड आपल्या गावांनाही परका नाही. फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर कायद्याने बंद असला, तरी ते सर्वांना ठाऊक आहे. त्यापासून निघणारा ॲसिटिलीन वायू हवेत सुमारे २.५ ते ८० टक्के असला तरी भडकतो; स्वयंपाकाच्या गॅसची मर्यादा साधारण २ ते ९ टक्के आहे. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि उशिरा उडालेली ज्वाळा व चुन्याचे कण थेट डोळ्यात जातात. आधी दहा वेळा काही झाले नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

नुसत्या 'करू नका'ने कुतूहल थांबत नाही. वर्गात आकडे मांडावेत : एक ग्रॅम साखर जळताना सुमारे १६ किलोज्यूल ऊर्जा देते, एक ग्रॅम टीएनटी स्फोटात सुमारे ४. मग साखर निरुपद्रवी का? कारण फरक ऊर्जेच्या साठ्याचा नाही, ती मोकळी होण्याच्या वेगाचा आहे. स्फोट न करताही स्फोट असा शिकवता येतो. आणि फॅरडेची गोष्ट सांगताना डेव्हींचा डोळाही सांगावा.